वाचक विचारतात : नोकरीत असतानाच पीएफ काढावा का?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मधल्या काळातल्या पैसे काढण्याचे नियम सैल करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे याच विषयावरची आहेत. निर्णय थोडक्यात असा. आधीची तेरा वेगवेगळी कलमे एकत्र करून तीनच गट केले: आजारपण-शिक्षण-लग्न अशा गरजा, घर, आणि विशेष परिस्थिती. तिसऱ्या गटात कारण सांगायची गरज नाही. सगळ्यासाठी १२ महिन्यांची नोकरी पुरे. आधी लग्नासाठी ७ वर्षे थांबावे लागे आणि तेव्हाही स्वतःच्या हिश्श्यातले निम्मेच मिळत. आता मालकाचा हिस्साही धरला जातो, पण २५ टक्के रक्कम खात्यात राहू द्यावी लागते. क्लेम भरताना तुमच्या लॉगिनमध्ये जी पात्र रक्कम दिसते, ती धरूनच पुढचा हिशेब करावा.

प्रश्न : बुटीबोरी एमआयडीसीत ९ वर्षे नोकरी आहे. वय ३३. पीएफमध्ये ६ लाख ४० हजार जमा आहेत. जुनी चारचाकी घ्यायला ३ लाख काढायचे आहेत. सोबतचे म्हणतात, आपलेच पैसे आहेत, कर्ज कशाला काढतो? बरोबर आहे का?

पैसे तुमचेच आहेत, यात वाद नाही. ७५ टक्क्यांच्या हिशेबाने ४ लाख ८० हजारांपर्यंत मिळू शकतील आणि १ लाख ६० हजार खात्यात राहतील. फक्त पासबुकात तीन रकाने असतात, ते नीट पाहा: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. तिसऱ्या रकान्यातली रक्कम या हिशेबात येत नाही. मालक तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के भरतो खरा, पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १५ हजारांच्या मर्यादेवर महिना १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात. तिन्ही रकान्यांची बेरीज करून हिशेब मांडलात, तर हातात येणारी रक्कम कमी दिसेल आणि क्लेम अडला असा समज होईल.

आता मुख्य मुद्दा. पीएफमधून काढलेले पैसे कर्ज नसतात. त्याचा हप्ता नाही, व्याज नाही, परत मागायला कुणी येत नाही. सोय हीच आहे आणि खड्डाही हाच आहे. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. तोच कायम धरला तर आजचे ३ लाख तुमच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे २५ वर्षांनी, सुमारे २१ लाख ७७ हजार होतात. हा आकडा ऐकून घाबरू नका, कारण तेव्हाच्या रुपयाची किंमत आजच्याएवढी नसेल. महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे साधारण ५ लाख. तरीही ३ चे ५ झालेले आहेत, तेही बहुतांशी करमुक्त.

म्हणून आमचे मत असे: काढायचेच असतील तर ज्या महिन्यात पैसे हातात येतील त्याच महिन्यात कंपनीच्या एचआरकडे ऐच्छिक पीएफचा अर्ज द्या. महिना सुमारे ६,१०० रुपये पाच वर्षे जास्तीचे कापले गेले, तर तुमचे खाते अगदी त्याच जागी येते जिथे ते पैसे न काढता आले असते. गाडीच्या कर्जाचा हप्ता भरायची तयारी होतीच ना? तो बँकेऐवजी स्वतःला भरा. एक अडचण असते. काही कंपन्या ऐच्छिक पीएफमधला बदल फक्त एप्रिलमध्ये घेतात. तुमच्याकडे तसे असेल तर एप्रिलपर्यंत ती रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकत राहा. आणि महिना ६,१०० झेपत नसतील, तर ती गाडीच सध्या झेपत नाही असे समजा.

प्रश्न : हिंगण्याच्या कंपनीत ८ वर्षे ४ महिने काम करून राजीनामा दिला. दुसरीकडे नोकरी ठरली आहे. ऑनलाइन कामे करून देणारा दुकानदार म्हणतो, फॉर्म १९ सोबत १०सी पण भरून टाका, पेन्शनचेही पैसे मिळतील. भरू का?

भरू नका. या पानावरच्या सगळ्या उत्तरांत आम्ही इतक्या ठामपणे फक्त इथेच सांगतो आहोत. फॉर्म १९ भरून पीएफ काढला तर नुकसान होते, पण ते पुढे बचत वाढवून भरून काढता येते. १०सी वर पेन्शनचा पैसा उचलला की तुमची ८ वर्षे ४ महिन्यांची पेन्शनची नोकरी पुसली जाते. नव्या कंपनीत मोजणी शून्यापासून सुरू होते.

पेन्शनसाठी १० वर्षे लागतात आणि सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजे तुम्हाला ९ वर्षे ६ महिने झाले की पुरे. तुम्ही त्यापासून फक्त १४ महिने दूर आहात. १५ हजारांच्या पेन्शनयोग्य पगारावर १० वर्षांची पेन्शन १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिना २,१४३ रुपये होते. रक्कम छोटी वाटेल. पण ती आयुष्यभर मिळते आणि नंतर कुटुंबाकडे जाते. शिवाय नव्या कंपनीतली वर्षे तिच्यात मिळत जातात.

दुसरी नोकरी ठरलेलीच आहे, तेव्हा १९ सुद्धा भरायचे कारण नाही. नव्या कंपनीला जुनाच यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ सदस्य क्रमांक) द्या आणि फॉर्म १३ ने जुने खाते नव्यात वळवा. पीएफची रक्कम आणि पेन्शनची सेवा दोन्ही सोबत येतात. मध्ये बराच काळ नोकरी नसणार असेल, तर १०सी फॉर्ममध्येच पैशांऐवजी योजना प्रमाणपत्राचा (आजवरची पेन्शनची सेवा कायम ठेवणाऱ्या दाखल्याचा) पर्याय असतो, तो निवडा. दुकानात बसून फॉर्म भरून घेत असाल तर ही एक चौकट स्वतः डोळ्यांनी पाहा. आणि आधारचा ओटीपी तोंडी सांगू नका, स्वतः टाका.

प्रश्न : पतीने तीन वर्षांत दोनदा पीएफमधून पैसे काढले. आता फार थोडे शिल्लक आहेत. नोकरीत असताना त्यांचे काही बरेवाईट झाले तर विम्यावर परिणाम होतो का? (नंदनवन)

होतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. पीएफ सदस्याचा ठेवसंलग्न विमा असतो. त्यासाठी पगारातून काही कापत नाहीत, मालक भरतो. त्याची रक्कम दोन भागांनी ठरते. शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराच्या (कमाल १५,०००) ३५ पट, म्हणजे जास्तीत जास्त ५ लाख २५ हजार. त्यात त्याच १२ महिन्यांतल्या पीएफ शिल्लकेच्या सरासरीचे निम्मे, जास्तीत जास्त १ लाख ७५ हजार. एकूण कमाल ७ लाख.

दुसरा भाग पूर्ण मिळायला खात्यात सरासरी साडेतीन लाख असावे लागतात. तुमच्या पतीच्या खात्यात समजा ६० हजारच उरले असतील, तर त्या भागातून ३० हजार मिळतील. १ लाख ४५ हजारांचा फरक पडला. शिल्लक पुन्हा वाढत जाईल तसा तो भरून येईल. तोवर साधा मुदतीचा विमा घेऊन ठेवलेला बरा.

याच बैठकीत त्यांचे ई-नॉमिनेशनही पाहून घ्या. लग्नाआधी आईवडिलांचे किंवा भावाचे नाव दिले असेल, तर लग्नानंतर ते नामांकन चालत नाही, नवे करावे लागते.

प्रश्न : बेसा भागात फ्लॅट घेतला. १८ लाख कर्ज बाकी, १५ वर्षे उरली आहेत, व्याज ८.५ टक्के. पीएफमधले ४ लाख काढून कर्जात भरावेत का?

८.५ टक्क्यांचे कर्ज कमी करायला ८.२५ टक्क्यांची बचत मोडायची, तर पाव टक्क्याचा फायदा दिसतो. खरा हिशेब मात्र नंतरच्या हप्त्यांचा आहे.

तुमचा हप्ता सुमारे १७,७२५ रुपये असेल. ४ लाख भरून हप्ता तोच ठेवला, तर १८० ऐवजी साधारण ११६ महिन्यांत कर्ज संपते. ६४ हप्ते वाचतात. त्या ६४ महिन्यांत दर महिन्याला तेच १७,७२५ रुपये ८.२५ टक्क्यांनी साठवले, तर पंधराव्या वर्षाच्या शेवटी सुमारे १४ लाख जमतात. आणि ते ४ लाख पीएफमध्येच राहिले असते, तर त्याच दिवशी ते १३ लाख १४ हजार झाले असते. म्हणजे फायदा ९० हजारांच्या आसपास, आणि तोही एकही महिना न चुकता पैसे टाकले तरच. कर्ज संपले म्हणून हात मोकळा सोडला, तर १३ लाख गेले.

बँकेत आणखी एका ठिकाणी घोटाळा होतो. मोठी रक्कम भरली की काही शाखा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात. तुम्ही लेखी अर्ज द्या: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख तपासा. ऐच्छिक पीएफ वाढवताना एवढे लक्षात असू द्या की वर्षाला तुमचा स्वतःचा भरणा अडीच लाखांच्या वर गेला, तर वरच्या रकमेवरचे व्याज करपात्र होते.

तुमच्या आकड्यांवर आम्ही पीएफला हात लावणार नाही. कर्जाचा दर साडेनऊ-दहाच्या घरात असता तर उत्तर वेगळे असते.

प्रश्न : आईचे ऑपरेशन आहे. दीड लाख लागतील. पीएफ किती दिवसांत मिळतो?

आजारपणाच्या क्लेमला लांबलचक नोकरीची अट नाही, दवाखान्याची कागदपत्रेही अपलोड करावी लागत नाहीत. केवायसी पूर्ण असेल तर ५ लाखांपर्यंतचे क्लेम माणसाच्या हातात न जाता संगणकावरच मंजूर होऊ शकतात. नियमातली कमाल मुदत २० दिवसांची आहे. तेव्हा भरती व्हायच्या दिवशी नव्हे, तारीख ठरली की लगेच क्लेम टाका.

पण आधी दोन ठिकाणी विचारा. तुमचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारपत्रकात ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात दिसत असेल, तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईचे उपचार त्यात बसतात. नागपूरच्या सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात कार्ड घेऊन जा, तिथे होत नसेल तर पुढे पाठवतात. दुसरे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला ऑपरेशनचे नाव सांगा, यादीत बसते की नाही ते तिथेच कळते. भरती होऊन बिल भरल्यावर ही विचारपूस करून उपयोग नाही. या दोन्हींतून जे भागणार नाही तेवढेच पीएफमधून घ्या. अशा वेळी पीएफ काढण्यात काहीच चूक नाही, मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : वडील उमरेडच्या कोळसा खाणीत आहेत. त्यांचा यूएएन सापडत नाही.

सापडणार नाही. खाण कामगारांचा निधी वेगळा आहे. कोळसा खाण भविष्य निधी १९४८ च्या कायद्याखाली चालतो आणि त्याचे मुख्यालय धनबादला आहे. वर दिलेले ऑक्टोबर २०२५ चे नियम त्यांना लागू नाहीत. खाणीच्या कार्मिक विभागातून त्यांचा सीएमपीएफ क्रमांक घ्या आणि अर्जही तिथूनच करा.

प्रश्न : मिहानमध्ये ३ वर्षे २ महिने झाले. त्याआधी पुण्यात २ वर्षे होतो, तो पीएफ तसाच पडून आहे. नोकरी सुटली. सगळे काढले तर कर किती?

आधी बदली, मग काढणे. हा क्रम उलटा झाला की कर लागतो. सलग ५ वर्षांच्या आत खाते रिकामे केले, तर मालकाचा हिस्सा आणि त्यावरचे व्याज पगारासारखे करपात्र होते, तुमच्या हिश्श्यावरचे व्याजही करात येते आणि आधी त्या भरण्यावर करसवलत घेतली असेल तर तीही परत जाते. रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर १० टक्के कापूनच पैसे देतात, पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. पण जुन्या कंपनीची नोकरी खाते वळवल्यावर ५ वर्षांत धरतात. पुण्याचे खाते मिहानच्या खात्यात वळवा. तुमची ५ वर्षे २ महिने होतात आणि कराचा प्रश्नच मिटतो. पुण्याच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर बदलीला जास्त वेळ लागतो, ट्रस्टकडून परिशिष्ट 'के' (जुन्या खात्याच्या रकमेचा आणि सेवेचा तपशील) आले की नाही याचा पाठपुरावा करा.

नोकरी सुटल्यावर पूर्वी दोन महिन्यांनी सगळे काढता येई. नव्या निर्णयात ७५ टक्के लगेच आणि उरलेले १२ महिन्यांनी, पेन्शनचा पैसा ३६ महिन्यांनी, असे आहे. बऱ्याच वाचकांनी यावर रागाने लिहिले आहे. राग समजतो, पगार थांबल्यावर वर्षभर थांबणे सोपे नाही. तरी तीन महिन्यांत नवी नोकरी लागलेल्या माणसाचे खाते आणि पेन्शनची वर्षे या थांबण्यामुळे वाचतात, हेही खरे आहे. तुम्ही तूर्त गरजेपुरतेच काढा. तीन वर्षे भरणा नाही म्हणून व्याज बंद होते, हा जुना समज आहे. नोकरी सुटलेल्या तरुण सदस्याच्या खात्यावर ५८ व्या वर्षापर्यंत व्याज मिळते. मात्र नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र असते.

प्रश्न : काटोल तालुक्यात जिल्हा परिषद शिक्षिका आहे, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) लागू आहे. खात्यात १८ लाख दिसतात. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी २५ टक्के, म्हणजे साडेचार लाख मिळतील ना?

नाही. २५ टक्के हे एकूण रकमेचे नसून फक्त तुमच्या स्वतःच्या भरण्याचे आहेत. सरकारचे १४ टक्के त्यात नाहीत आणि गुंतवणुकीवरची वाढही नाही. तुमच्या पगारातून आजवर कापलेली रक्कम समजा ५ लाख २० हजार असेल, तर १ लाख ३० हजार मिळतील. ते करमुक्त असतात. मुलांचे उच्च शिक्षण हे मान्य कारण आहे आणि तीन वर्षांची अट तुम्ही केव्हाच ओलांडली. सरकारी सदस्यांचा अर्ज स्वयंघोषणेवर परस्पर मंजूर होत नाही, आहरण व संवितरण अधिकाऱ्यामार्फत जातो. म्हणून प्रवेश फेरी सुरू व्हायच्या आधीच कागद पुढे सरकवा. बाकीच्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज पाहा.

प्रश्न : इतवारीत दुकान आहे, पीपीएफ ९ वर्षे जुने. मधेच पैसे काढताना काय पाहावे?

सातव्या आर्थिक वर्षापासून वर्षाला एकदा काढता येतात. चार वर्षांपूर्वीची वर्षअखेरची शिल्लक किंवा गेल्या वर्षअखेरची शिल्लक, यातली जी कमी तिचे निम्मे. तारीख सांभाळा. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर धरतात. २९-३० तारखेला काढलेत तर त्या रकमेचे अख्ख्या महिन्याचे व्याज जाते. दोन दिवस थांबून १ तारखेला काढलेत तर वाचते. व्यापाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट: कोर्टाच्या हुकुमाने पीपीएफवर जप्ती येत नाही. धंद्यात टाकायला ही रक्कम सर्वांत शेवटी काढावी.

प्रश्न : माझा क्लेम दोनदा फेटाळला. कारण इंग्रजीत येते, समजत नाही.

नेहमीची कारणे चार-पाचच आहेत. पहिले म्हणजे नाव. आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि यूएएनमध्ये नुसते नाव-आडनाव, किंवा 'राव' एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही अडते. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असेल तर ही दुरुस्ती मालकाच्या मंजुरीशिवाय ऑनलाइन होते. त्याआधीचा असेल तर संयुक्त घोषणापत्र लागते. दुसरे, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नसते. शेवटच्या भरण्याला दोन महिने झाले की ती तुम्ही स्वतः 'मार्क एक्झिट' मध्ये टाकू शकता. पण टाकताना जपून, कारण नव्या नोकरीच्या रुजू तारखेनंतरची तारीख पडली की दोन नोकऱ्या एकमेकांवर चढतात आणि पुढची बदली अडकते. तिसरे, बँक. सरकारी बँकांच्या विलीनीकरणात तुमच्या शाखेचा आयएफएससी बदलला असेल आणि पोर्टलवर जुनाच असेल, तर पैसे परत जातात. नवा कोड टाकून पुन्हा केवायसी मंजूर करून घ्या. खाते वापराविना बंद पडलेले नको. चौथे, दोन यूएएन. जुन्यातले खाते चालू यूएएनकडे वळवल्याशिवाय क्लेम टाकू नका.

तिसऱ्यांदा तोच फॉर्म तसाच भरू नका. फेटाळल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढा, वरच्यातले कोणते कारण जुळते ते पाहा, दुरुस्ती पोर्टलवर 'मंजूर' दिसू द्या, मगच नवा क्लेम. तरीही अडले तर ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. प्रत्यक्ष बोलायचे असेल तर 'निधी आपके निकट' हे शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात होते. त्या दिवशी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना आधार, पॅन, पासबुकाची प्रत, रुजू आणि मुक्तीचे पत्र, फेटाळल्याचा संदेश आणि तक्रार क्रमांक न्या. आधारला जोडलेला मोबाइलही सोबत असू द्या, कारण दुरुस्ती तिथल्या तिथे होणार असेल तर ओटीपी त्याच नंबरवर येतो.